केरसुणीची पूजा आणि आम्लाची बाटली

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मराठी घरात दागिन्यांच्या आणि वहीखात्यांच्या शेजारी एक नवी केरसुणी ठेवली जाते. तिला हळदकुंकू वाहिले जाते, तिच्यासमोर अक्षता पडतात. एरवी वर्षभरात केरसुणीला चुकून पाय लागला, तर घरातील वडीलधारी माणसे अजूनही हात जोडतात. स्वच्छतेच्या साधनाला देवत्व देणारी ही परंपरा आहे. मात्र तीच परंपरा सांगणारे कुटुंब नव्या घरात राहायला जाते, तेव्हा स्वच्छतेच्या साधनांविषयी त्याने किती विचार केलेला असतो, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

नव्या घराची खरेदी ही मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यातील सर्वांत मोठी घटना. कर्जाचे हप्ते वीस-वीस वर्षे चालतात. फरशीचा रंग, ओट्याचा दगड, देवघराची दिशा, खिडक्यांचे पडदे यांवर महिनोन्‌महिने चर्चा होते. वास्तुशांतीचा मुहूर्त गुरुजींना विचारून काढला जातो. फिनाइल, साबण, ब्रश आणि पोछा मात्र आदल्या संध्याकाळी, दहा मिनिटांत, मॉलच्या फळीवरून उचलून टोपलीत टाकले जातात. फरशीसाठी एक बाटली, काचेसाठी दुसरी, न्हाणीघरासाठी तिसरी, शौचालयासाठी चौथी, ओट्यासाठी पाचवी, लाकडासाठी सहावी. निवडीचा आधार काय, तर दूरचित्रवाणीवर पाहिलेली जाहिरात आणि झाकण उघडल्यावर येणारा वास. त्यात ठेकेदाराच्या माणसांनी काम आटोपताना मागे ठेवलेली, पाण्याच्या जुन्या बाटलीत भरलेली सुट्या ॲसिडची बाटली सिंकखाली आधीच उभी असते. घरातील सर्वांत धोकादायक कप्पा असा, फारसा विचार न होता भरला जातो.

हा विषय क्षुल्लक वाटतो म्हणूनच त्यावर लिहिणे आवश्यक आहे. साधन घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारले, तर निवड सोपी होते, खर्च कमी होतो आणि घर अधिक सुरक्षित होते. मळ कोणता आहे? तो कशावर बसला आहे? साधन वापरणारा हात कोणाचा आहे? आणि धुतलेले पाणी शेवटी जाते कोठे? पहिले दोन प्रश्न ज्ञानाचे आहेत, उरलेले दोन संस्काराचे.

मळाची ओळख

आजीच्या स्वयंपाकघरात बाटल्यांची रांग नव्हती, पण मळाची ओळख पक्की होती. तांब्या-पितळेची भांडी ती चिंचेने घासत असे. चिंचेतील टार्टारिक आम्ल धातूवरील काळपट थर विरघळवते. तेलकट कढईसाठी राख असे. लाकडाच्या राखेतील क्षार स्निग्ध पदार्थाला पकडतात. केस आणि तलम वस्त्रे यांच्यासाठी रिठा असे. त्यातील फेसाळ द्रव्य मळ सोडवते, पण धाग्याला दुखवत नाही. आजीला रसायनशास्त्राची परिभाषा ठाऊक नसेल. आम्ल कोठे, क्षार कोठे आणि सौम्य साबण कोठे, हे तिला अनुभवाने नेमके कळत होते.

आजच्या घरालाही हेच तीन वर्ग पुरतात. ओट्यावरील आणि एक्झॉस्ट पंख्यावरील तेलकट थर हा क्षाराने सुटतो. बादलीभर कोमट पाण्यात मोठा चमचाभर धुण्याचा सोडा त्यासाठी पुरेसा असतो. (ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आणि पॉलिश केलेल्या लाकडाला मात्र तो लावू नये.) नळावर, बादलीवर आणि काचेवर बसणारा पांढरा थर हा बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यातील चुन्याचा असतो. तो साबणाने कितीही घासला तरी जात नाही. उलट जड पाण्यात साबणाचाच चिकट साका तयार होतो. येथे सौम्य आम्ल हवे. लिंबाची फोड, व्हिनेगर किंवा वाण्याकडे मिळणारे लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून लावले, काही मिनिटे थांबले आणि धुतले, की काम होते. उरलेली रोजची धूळ आणि पावलांचे डाग यांना पाणी, थोडा साबण आणि स्वच्छ फडके याहून अधिक काही लागत नाही.

अलीकडे मोबाइलवरील चित्रफितींतून एक नवा समज पसरला आहे. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले, की जोरदार फेस येतो आणि तो फेस सर्व मळ काढतो, असे दाखविले जाते. वस्तुस्थिती अशी की सोडा हा क्षार आणि व्हिनेगर हे आम्ल. दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात. फेस हा केवळ बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड वायू असतो. दोन्ही पदार्थ वेगवेगळे वापरले तर उपयोगी आहेत, एकत्र केले तर बहुतांश वाया जातात.

फरशीची जात

मळ ओळखला, तरी तो कशावर बसला आहे हे पाहिल्याखेरीज बाटली उघडू नये. नव्या घरातील पहिला मळ हा बहुधा बांधकामाचा असतो : सिमेंटचे शिंतोडे, प्लास्टरची भुकटी, रंगाचे ठिपके, लाकडाचा भुसा. ठेकेदाराची माणसे यावर एकच उपाय जाणतात, तो म्हणजे ॲसिड. फरशी तासाभरात चकाकते, मालक खूश होतो. पण नुकसान नंतर दिसते. हायड्रोक्लोरिक आम्ल सिमेंटला विरघळवते, त्यामुळे दोन फरश्यांमधील सांधेही पोखरले जातात आणि पुढे त्यांतून पाणी मुरू लागते. नळांवरील चकचकीत मुलामा काळवंडतो.

दगडी फरशीवर तर आम्ल हा थेट आघात आहे. संगमरवर, कोटा, शहाबादी, कडप्पा हे सारे चुनखडीच्या कुळातील दगड आहेत. त्यांवर आम्ल पडले, की दगड स्वतःच विरघळतो आणि कायमचा निस्तेज डाग उरतो. ओट्याच्या कडप्प्यावर लिंबू पिळल्यानंतर पुसले नाही, तर उमटणारा फिकट ठसा अनेक गृहिणींनी पाहिला असेल. तेथे काही सांडून राहिलेले नसते, दगडाचा वरचा थर गेलेला असतो. अशा फरशीला सौम्य साबणाचे पाणीच योग्य. ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइड टाइल्स तुलनेने सोशिक असतात, परंतु त्यांचेही सांधे सिमेंटचेच असतात, हे विसरून चालत नाही.

यावर उपाय सोपा आहे. प्रथम कोरडी सफाई करावी, छतापासून सुरुवात करून फरशीवर शेवट करावा. सिमेंटचे शिंतोडे पाण्याने भिजवून लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावेत. मग साबणाचे पाणी. एवढ्याने न जाणारा डाग उरलाच, तर त्या ठिपक्यापुरता, फरशीची जात पाहून, कोपऱ्यात आधी चाचणी घेऊन विचार करावा. नव्या रंगाचा आणि प्लायवूडचा उग्र वास सुगंधी फवारा मारून झाकण्यापेक्षा खिडक्या काही दिवस उघड्या ठेवणे केव्हाही श्रेयस्कर. फवारा त्या वायूंना घराबाहेर काढत नाही. त्यांत आणखी एकाची भर घालतो.

वास म्हणजे स्वच्छता नव्हे

बाजाराने मध्यमवर्गाच्या मनात दोन कल्पना पक्क्या रुजविल्या आहेत. पहिली, स्वच्छ घराला विशिष्ट वास असतो. दुसरी, घरातील प्रत्येक पृष्ठभाग रोज जंतुविरहित झाला पाहिजे. दोन्ही कल्पना बाटल्या खपविण्यासाठी सोयीच्या आहेत. घरासाठी मात्र त्यांचा उपयोग मर्यादित आहे.

दारावर येणारे स्वस्त पांढरे फिनाइल पाण्यात टाकले, की दुधासारखे दिसते आणि घमघमते. त्यात अनेकदा पाइनचे तेल, ते पाण्यात मिसळविणारे द्रव्य आणि भरपूर पाणी असते. जंतू मारण्याची त्याची शक्ती किती, हे त्या बाटलीवर कोठेही लिहिलेले नसते. भारतीय मानक ब्यूरोने फिनाइलच्या वर्गातील जंतुनाशकांसाठी आय.एस. १०६१ हे मानक ठरविलेले आहे आणि त्यात ही शक्ती मोजण्याची पद्धतही आहे. ग्राहकाने वासाऐवजी मानकचिन्ह, घटक, उत्पादनाची तारीख आणि वापराचे प्रमाण वाचण्याची सवय लावून घेतली, तर निम्म्या बाटल्या फळीवरच राहतील.

२०२० च्या महासाथीने याबाबत मोठा धडा दिला होता. विषाणूभोवतीचे स्निग्ध आवरण साध्या साबणाने फुटते, हे त्या वर्षी घराघरांत पोहोचले. त्याच वर्षी रस्त्यांवर आणि माणसांवरही जंतुनाशकाचे फवारे मारले गेले आणि माणसांवर असे फवारे मारणे अपायकारक आहे, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला एप्रिल २०२० मध्ये सांगावे लागले. साथ ओसरली, धडाही विसरला गेला. फवाऱ्यांची आवड तेवढी उरली.

जंतुनाशकाची खरी गरज शौचालयात, कचऱ्याच्या डब्याजवळ आणि घरात कोणी आजारी असताना असते. तेव्हाही मळ आधी साबणाने काढावा लागतो. मळावर ओतलेले ब्लीच मळाशीच झुंजण्यात संपून जाते. सोडियम हायपोक्लोराइटच्या बाटलीवर ५ टक्के असे प्रमाण असेल, तर १ लिटर पाण्यात २० मिलिलिटर एवढे मिश्रण सामान्य पृष्ठभागांसाठी पुरते. ते लावून दहा मिनिटे थांबावे आणि मग पुसावे. उष्णतेत आणि उजेडात ब्लीचची ताकद घटत जाते, म्हणून मोठा डबा स्वस्त पडला तरी वर्षभराचा साठा करण्यात अर्थ नसतो.

शेजारी ठेवलेले दोन वैरी

शौचालय स्वच्छ करण्याच्या द्रवात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ब्लीचमध्ये हायपोक्लोराइट असते. ही दोन्ही एकत्र आली, की क्लोरीन वायू बाहेर पडतो. पहिल्या महायुद्धात रणांगणावर वापरला गेला तोच हा वायू. दार लावलेल्या छोट्या न्हाणीघरात त्याचा थोडा झोतही डोळे आणि फुफ्फुसे होरपळवतो. अमोनिया असलेला काचेचा द्रव ब्लीचमध्ये मिसळला, तरी असाच विषारी वायू तयार होतो. ‘एकाने डाग गेला नाही, आता दुसरे घालून पाहू’ या सहज प्रवृत्तीतून हा अपघात घडतो. उग्र वास आला, तर पाणी ओतत उभे न राहता तत्काळ बाहेर पडावे, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि श्वासाला त्रास होत असेल तर थेट रुग्णालय गाठावे.

दुसरा धोका सुट्या ॲसिडचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले : विक्रेत्याने नोंद ठेवावी, ओळखपत्र पाहावे, १८ वर्षांखालील व्यक्तीला विकू नये. तरुण मुलींच्या चेहऱ्यांवर झालेल्या हल्ल्यांच्या पार्श्वभूमीवर ते आदेश आले होते. ज्या वस्तूसाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला एवढी काळजी घ्यावी लागली, ती वस्तू शीतपेयाच्या बाटलीत भरून मुलांच्या हाताच्या उंचीवर ठेवणे हा अक्षम्य निष्काळजीपणा आहे. तहानलेले मूल रंग आणि बाटली पाहते. ती कशासाठी आहे, हे ते वाचत नाही. असा प्रसंग ओढवलाच, तर मुलाला ओकारी काढायला लावू नये. वर येताना आम्ल अन्ननलिकेला दुसऱ्यांदा भाजते. बाटली सोबत घेऊन त्याला लगेच रुग्णालयात न्यावे.

म्हणून नव्या घराचा पहिला नियम असा असावा की सुटे ॲसिड घरात येणार नाही, आणि ठेकेदाराने ठेवलेली बाटली किल्ली ताब्यात घेताना त्याच्याच हाती परत जाईल.

हात कोणाचा?

आता तिसरा प्रश्न, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. हजारो घरांत साधन निवडणारा हात एक असतो आणि वापरणारा हात दुसरा. मॉलमध्ये बाटली उचलणारे गृहस्थ बहुधा शौचालय घासत नाहीत. ते काम घरातील स्त्री करते किंवा चार घरी जाऊन पोट भरणारी मोलकरीण करते. तिला बाटलीवरील इंग्रजी सूचना वाचता येत नाहीत. तिच्या हातांना भेगा पडतात, नखे सडतात, बंद न्हाणीघरात तिला खोकल्याची उबळ येते, आणि याला ‘पाण्यात काम करणाऱ्या बायकांचे हे असेच’ असे म्हणून मोकळे होण्याची सवय समाजाला आहे. पाचशे रुपयांचा सुगंधी द्रव घेणारे कुटुंब रबरी हातमोज्यांची जोडी घेताना विचार करते.

केरसुणीची पूजा येथे कसाला लागते. ती केरसुणी पिढ्यान्‌पिढ्या वळली मातंग समाजाच्या हातांनी. ती देव्हाऱ्याजवळ आली, ते हात मात्र शतकानुशतके उंबऱ्याबाहेर राहिले. हा दोष समाजाचा आहे आणि तो मान्य करण्यात कमीपणा नाही. या दोषाविरुद्ध झिजलेली माणसेही याच मातीत झाली. हाती खराटा घेऊन गावोगाव आधी रस्ते झाडणारे आणि मग कीर्तनाला उभे राहणारे संत गाडगेबाबा; त्यांच्याच नावाने महाराष्ट्राने २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. कोकणचे अप्पासाहेब पटवर्धन. तुरुंगात सवर्ण कैद्यालाही मैलासफाईचे काम करू द्यावे, यासाठी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या कारागृहात त्यांनी अन्नत्याग केला आणि पुढे कणकवलीच्या गोपुरीत आयुष्य त्याच कामाला वाहिले. स्वच्छतेचे काम हलके नाही, हे या दोघांनी भाषणातून सांगण्याआधी स्वतःच्या हाताने सिद्ध केले.

महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला. कायद्याने नोंदणी होईल. हातमोजे मात्र प्रत्येक घराने स्वतः द्यायचे आहेत. लांब दांड्याचा ब्रश, शौचालयाची वेगळी बादली आणि वेगळे फडके, प्रत्येक बाटलीवर मराठीत ठळक लिहिलेली चिठ्ठी आणि ‘या दोन बाटल्या कधीही एकत्र करायच्या नाहीत’ असे समजावून सांगण्यासाठी पाच मिनिटे, एवढे ज्या घरात होते तेथे समरसता हा शब्द उच्चारण्याचा अधिकार मिळतो. वर्गाच्या आवारात पहाटे खराटा हाती घेणारा कार्यकर्ता स्वतःच्या घरी आठवड्यातून एकदा शौचालय घासत असेल, तर कोणती बाटली घ्यावी आणि कोणती घेऊ नये, हे त्याला कोणी वेगळे सांगावे लागणार नाही.

पाणी जाते कोठे?

मोरीतून गेलेले पाणी दृष्टिआड होते, नाहीसे होत नाही. शहराच्या वेशीवरील अनेक नव्या वसाहतींत मैल्याची टाकी असते किंवा संकुलाचे स्वतःचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र असते. दोन्ही ठिकाणी मैला कुजविण्याचे काम जिवाणूच करतात. रोज बादलीभर फिनाइल, ब्लीच आणि आम्ल ओतले, तर ते जिवाणू मरतात, टाकी लवकर तुंबते. आणि तुंबलेल्या टाकीत माणूस उतरविण्याचा प्रसंग येतो. अशा धोकादायक सफाईला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरीही त्या टाक्यांत माणसे गुदमरून मरतच आहेत. फरशीवर ओतलेल्या जास्तीच्या झाकणभर द्रवाचा धागा तेथपर्यंत पोहोचतो.

जे टाकीत अडत नाही, ते नदीत जाते. आळंदीला इंद्रायणीच्या पात्रावर गेल्या काही वर्षांत वारंवार दिसलेला पांढरा फेस वारकऱ्यांनी पाहिला आहे. त्यात कारखान्यांच्या सांडपाण्याचा वाटा आहे, तसा घराघरांतून वाहणाऱ्या साबणाचाही आहे. माउलींच्या समाधीला नमस्कार करणाऱ्या हाताने कपड्यांच्या पावडरीचा दुसरा चमचा आखडता घेतला, तर तीही सेवाच ठरेल. रिकामी बाटली कचऱ्यात टाकण्यापूर्वी विसळून झाकण घट्ट लावणे हाही याच विवेकाचा भाग. कारण तीत उरलेले आम्ल पहिल्यांदा लागते ते कचरा वेचणाऱ्याच्या बोटांना.

स्वदेशीची कसोटी

या विषयात स्वदेशीचा उल्लेख होणे स्वाभाविक आहे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी कलकत्त्यात उभारलेला बेंगाल केमिकल हा उद्योग १९०१ मध्ये कंपनी म्हणून नोंदला गेला. औषधांबरोबर फिनाइलच्या वर्गातील जंतुनाशकासाठीही त्याचे नाव झाले. राय हे श्रेष्ठ रसायनशास्त्रज्ञ होते. देशी माल घ्या, कारण तो देशी आहे, एवढ्यावर त्यांनी काम थांबविले नाही; तो शास्त्राच्या कसोटीवर उतरावा, यासाठी प्रयोगशाळा झिजविली. आज ‘नैसर्गिक’, ‘आयुर्वेदिक’ किंवा ‘गोमूत्रयुक्त’ असे शब्द छापलेल्या बाटल्या श्रद्धेने घेतल्या जातात. त्यांतील काही उत्तम असतीलही. परंतु घटक, प्रमाण आणि मानक यांची विचारणा त्यांनाही तेवढ्याच कठोरपणे झाली पाहिजे. श्रद्धाळू ग्राहकाला कमी प्रतीचा माल विकणारा उत्पादक स्वदेशीची सेवा करीत नाही, तिची पत घालवतो.

चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर नव्या घराची यादी फार छोटी उरते. केरसुणी, खराटा आणि सुपली. दोन बादल्या, दोन वेगळ्या रंगांची फडकी, दोन ब्रश. एक सौम्य द्रवसाबण. धुण्याचा सोडा आणि लिंबूसत्त्व. शौचालयाच्या द्रवाची एक मूळ वेष्टनातील बाटली. गरज असल्यास ब्लीचची एक लहान बाटली, आणि ती वेगळ्या, उंचावरील, कुलूपबंद कप्प्यात. शेवटी हातमोजे, जेवढे हात काम करणार, तेवढ्या जोड्या.

वास्तुशांतीला घरात कलश येतो, देव येतात, आप्तेष्ट येतात. त्या दिवशी नवी केरसुणीही आणावी आणि तिला हळदकुंकू जरूर वाहावे. मात्र त्याच दिवशी, पंगत उठल्यावर, उद्यापासून ते घर स्वच्छ ठेवणाऱ्या बाईंनाही पानावर बसवावे, त्यांच्या हाती हातमोजे द्यावेत आणि कप्पा उघडून कोणत्या बाटलीत काय आहे ते घरच्या कर्त्या माणसाने स्वतः समजावून सांगावे. केरसुणीची पूजा त्यानंतरच पूर्ण झाली, असे म्हणता येईल.